परका मजूर, घरचा मजूर

परदेशचा मजूर आला की मजुरी उतरते, ही अमेरिकेतील कामगार संघटनांची जुनी धास्ती. म्हणूनच १९८६ च्या कायद्यात बिनपरवाना मजूर ठेवणाऱ्या मालकाला दंड असावा, असा आग्रह एएफएल-सीआयओ या महासंघाने धरला. त्याच कायद्याने सुमारे २७ लाख परक्यांना कायमच्या वास्तव्याची वाटही मिळाली. पण उरलेल्यांचे काय? त्यांनी संघटनेचे नाव काढले, की मालक कागदपत्रे मागू लागले! बडगा घडवला मालकासाठी, बसला मजुराच्या पाठीत. अखेर फेब्रुवारी २००० मध्ये महासंघानेच दंडाची ती पद्धत रद्द करा, अशी मागणी केली. परका भ्याला, की घरच्याचीही मजुरी उतरते, हे उमगायला १४ वर्षे लागली. दंडाचे कलम मात्र अजून कायम आहे.