उद्यानातील दृश्य आणि ध्वनी : प्रायोगिक लघुपटाची घडण

सारांश : सार्वजनिक उद्यान हे प्रायोगिक लघुपटासाठी सहज उपलब्ध होणारे, अल्पखर्चिक आणि तरीही आशयसंपन्न क्षेत्र आहे. उद्यानातील दृश्ये व ध्वनी यांपासून सुमारे पाच मिनिटांचा लघुपट कसा घडविता येतो, त्यामागील तात्त्विक भूमिका कोणती आणि प्रत्यक्ष चित्रणात कोणती तांत्रिक व नैतिक पथ्ये पाळावी लागतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : प्रायोगिक लघुपट, ध्वनिपरिसर, रचनेचा नियम, संकलन, खासगीपणा.

१. प्रास्ताविक

महाविद्यालयीन स्तरावर लघुपटनिर्मिती आता नवलाईची राहिलेली नाही. चित्रण, ध्वनिमुद्रण आणि संकलन ही तिन्ही कामे हातातील भ्रमणध्वनीवर होऊ शकतात. तथापि साधन सुलभ झाल्याने दृष्टी आपोआप लाभत नाही. बहुसंख्य विद्यार्थी लघुपट म्हणजे आटोपशीर कथापट असे गृहीत धरतात आणि पात्रे, संवाद व अखेरची कलाटणी यांतच गुंततात. प्रायोगिक लघुपटाची वाट वेगळी आहे. त्यात कथेऐवजी काळ, प्रकाश, गती आणि ध्वनी हीच सामग्री असते. ती कशी रचली यातूनच आशय निष्पन्न होतो. या वाटेवरचे पहिले पाऊल टाकण्यासाठी उद्यानासारखे दुसरे स्थळ क्वचितच सापडेल. तेथे निसर्ग आहे, पण माणसाने आखून दिलेला; गर्दी आहे, पण फुरसतीची.

२. पूर्वपीठिका

चित्रपटाचा आरंभच एका अर्थी बागेत झाला. ल्युमिएर बंधूंच्या १८९५ मधील आरंभीच्या चित्रफितींपैकी एकीत माळ्याची झारी-नळीवरून झालेली फजिती आहे, तर दुसरीत घराच्या अंगणात बाळाला भरविणारे आईवडील आहेत. या दुसऱ्या चित्रफितीत प्रेक्षकांचे लक्ष बाळापेक्षा मागील झाडांच्या हलणाऱ्या पानांनी अधिक वेधून घेतले, असे चित्रपटाच्या इतिहासकारांनी नोंदविले आहे. रंगभूमीच्या पडद्यावर झाड रंगविता येत होते. वाऱ्याने हलणारे पान मात्र येथे प्रथमच दिसले.

भारतीय चित्रपटाच्या इतिहासातही याला समांतर असे उदाहरण आहे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’पूर्वी, १९१२ मध्ये, कुंडीतील वाटाण्याच्या रोपावर कॅमेरा रोखून महिनाभराहून अधिक काळ टप्प्याटप्प्याने चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जेमतेम मिनिटभराच्या त्या चित्रफितीत बीज रुजून वेल होताना दिसत असे. भांडवल उभे करण्यासाठी केलेला हा खटाटोप होता. परंतु काळ आकुंचित करून डोळ्यांना न दिसणारी गती दाखविणे, हे प्रायोगिक चित्रपटाचे एक मूलभूत कार्य त्यातून साधले गेले.

योरिस इव्हेन्स आणि मानुस फ्रांकन यांचा ‘रेगेन’ (१९२९) हा ॲम्स्टरडॅममधील पावसावरील सुमारे बारा मिनिटांचा मूकपट आहे. पडद्यावर एकच सर कोसळून ओसरताना दिसते. प्रत्यक्षात ते चित्रण अनेक महिन्यांत केलेले आहे. पुढे १९३२ मध्ये लाऊ लिख्टफेल्ट यांनी आणि १९४१ मध्ये हान्स आइस्लर यांनी याच चित्रांसाठी भिन्न संगीत रचले. ध्वनी बदलला की तेच दृश्य वेगळे भासते, याचा इतका स्पष्ट धडा अन्यत्र मिळणे कठीण. याउलट वाल्टर रुटमान यांच्या ‘व्होखेनएण्डे’ (१९३०) या रचनेत चित्रच नाही. चित्रपटाच्या फितीवर ध्वनी मुद्रित करून व ती कापून-जोडून त्यांनी बर्लिनच्या शनिवार-रविवारचे सुमारे अकरा मिनिटांचे निव्वळ श्राव्य चित्र उभे केले.

आपल्याकडे प्रमोद पती यांनी तत्कालीन फिल्म्स डिव्हिजनमध्ये ‘एक्स्प्लोरर’ (१९६८) सारख्या लघुपटांतून शासकीय अनुबोधपटाच्या चौकटीतही असे धाडस शक्य असल्याचे दाखवून दिले.

३. रचनेचा नियम

कथा नसेल तर लघुपट विस्कळीत होण्याचा धोका संभवतो. त्यावर उपाय म्हणजे चित्रणापूर्वीच एखादा नियम ठरविणे आणि तो निष्ठेने पाळणे. ब्रिटिश चित्रकर्मी ख्रिस वेल्सबी यांचा ‘पार्क फिल्म’ (१९७२) याचा वस्तुपाठ आहे. लंडनमधील केन्सिंग्टन गार्डन्समधील वर्दळीच्या वाटेवर त्यांनी कॅमेरा स्थिर ठेवला. वाटेवरून जाणाऱ्या माणसागणिक फितीवर एकच चौकट टिपावयाची, हा नियम. हे चित्रण तीन दिवस चालले. परिणामी वर्दळीच्या वेळी पडद्यावरचा काळ सावकाश सरकतो. वाट ओस असते तेव्हा दोन चौकटींमध्ये बराच अवधी निघून जातो आणि प्रकाश व सावल्या उड्या घेतात. लघुपटाचा वेग दिग्दर्शकाच्या मर्जीवर सोपविलेला नाही. तो उद्यानात येणाऱ्या लोकांनी ठरविला आहे. त्याच वर्षीच्या ‘विंड व्हेन’मध्ये वेल्सबी यांनी कॅमेरे कोणत्या दिशेस वळावेत हे वाऱ्यावर सोपविले.

या धर्तीवर एक योजना येथे मांडता येईल. उद्यानातील एक बाक निवडावा. बाक रिकामा असेल तेव्हाच चित्रण करावे आणि त्यावर कोणी बसलेले असेल तेव्हा केवळ ध्वनिमुद्रण करावे. अंतिम लघुपटात रिकामा बाक दिसेल आणि बसून गेलेल्यांची चाहूल तेवढी ऐकू येईल. नियम एका वाक्याचा आहे. परंतु उपस्थिती व अनुपस्थिती यांचा संबंध त्यातून आपोआप उभा राहतो.

४. ध्वनीचे संकलन

विद्यार्थ्यांचा कल आधी चित्र आणि नंतर त्यावर संगीत असा असतो. येथे क्रम उलटा ठेवणे श्रेयस्कर. किमान एक दिवस कॅमेरा न उघडता केवळ ऐकावे आणि वेळेनुसार टिपण करावे. कॅनडातील संगीतकार आर. मरे शेफर यांनी ध्वनिपरिसराचा अभ्यास करताना ध्वनींचे तीन वर्ग मानले. सतत असूनही जाणवत नाही तो आधारध्वनी. लक्ष वेधतो तो संकेतध्वनी. आणि त्या स्थळाची ओळख बनलेली असते ती ध्वनिखूण. आपल्या शहरी उद्यानात वाहनांची घरघर हा आधारध्वनी ठरतो. रखवालदाराची शिट्टी हा संकेतध्वनी. तांबट पक्ष्याचे ठोके घातल्यासारखे एकसुरी टुकटुक, झोपाळ्याच्या कड्यांची करकर किंवा सकाळच्या हास्यक्लबातील सामूहिक हसू या ध्वनिखुणा होऊ शकतात. हास्यक्लबाचा उगमही उद्यानातलाच. १९९५ मध्ये डॉ. मदन कटारिया यांनी मुंबईतील एका बागेत पाच जणांसह त्याचा प्रारंभ केला.

मुद्रणात तीन गोष्टी सांभाळाव्यात. एक, वाऱ्याचा झोत थेट ध्वनिग्राहकावर आल्यास फडफड मुद्रित होते व ती नंतर काढता येत नाही; म्हणून त्यावर केसाळ आवरण असावे. दोन, ध्वनीची पातळी आपोआप जुळविणारी सोय बंद ठेवावी. अन्यथा शांततेच्या क्षणी यंत्र पार्श्वध्वनी उचलून धरते आणि शांतता हरवते. तीन, प्रत्येक प्रहरी निदान दोन मिनिटे काहीही विशेष घडत नसतानाचा ध्वनी स्वतंत्रपणे टिपून ठेवावा. संकलनात सांधे बुजविण्यास तोच उपयोगी पडतो.

ऐकण्याच्या या सरावातून शहराविषयीही काही कळते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. रस्त्यालगतच्या उद्यानात वाहनांचा गोंगाट पक्ष्यांचा स्वर कुठवर झाकून टाकतो, हे फाटकापासून आतपर्यंत चालत केलेल्या एकाच सलग मुद्रणातून कोणाच्याही ध्यानात येईल.

५. चित्रण

कॅमेरा तिपाईवर स्थिर असावा आणि तिपाईच्या पायांच्या जागी खडूच्या खुणा कराव्यात, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच चौकट पुन्हा मिळते. प्रकाश व रंग आपोआप जुळविणाऱ्या सोयी बंद ठेवाव्यात. नाहीतर ढग आला की यंत्र तो झाकून टाकते आणि नेमका तोच बदल आपल्याला दाखवावयाचा असतो.

काळाचा हिशेब आधीच मांडावा. सेकंदाला २५ चौकटी या गतीने पाच मिनिटांस ७,५०० चौकटी लागतात. दर दहा सेकंदांस एक चौकट टिपल्यास त्यासाठी ७५,००० सेकंद, म्हणजे २० तास ५० मिनिटे लागतील. बाक रिकामा असतानाच चित्रण करावयाचे असल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक दिवस द्यावे लागतात. अनेक शहरांत उद्याने दुपारी बंद असतात. तो अवधी गाळून टाकण्याऐवजी पडदा काळा ठेवून कुंपणाबाहेरून टिपलेला ध्वनी ऐकविल्यास बंद फाटकही लघुपटाचा भाग होते.

६. संकलन : दृश्य व ध्वनी यांचा संबंध

आइझेनस्टाइन, पुडोव्हकिन आणि अलेक्झांद्रोव्ह यांनी १९२८ च्या संयुक्त निवेदनात असा आग्रह धरला होता की, ध्वनी हा चित्राचा केवळ अनुवाद नसावा. तो चित्राशी विसंवादी राहून नवा अर्थ निर्माण करणारा असावा. झोपाळा दिसताना झोपाळ्याचा आवाज आल्यास माहिती मिळते. रिकाम्या बाकावर सावली सरकत असताना वृद्धांच्या हसण्याचा गलका ऐकू आल्यास मात्र प्रेक्षक स्वतः काहीतरी जोडू लागतो.

समकालिक ध्वनीही वाटतो तितका सरळ नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. शंभर मीटरवर खेळणाऱ्या मुलाच्या बॅटचा ठोका त्यामुळे दिसल्यानंतर सुमारे सात चौकटींनी ऐकू येतो. हे अंतर मिटविले तर मूल जवळ आल्यासारखे भासते. राखले तर मैदानाची खोली जाणवते. सात चौकटींचा हा निर्णय संकलकाचा आहे आणि तो जाणीवपूर्वक घेतला पाहिजे.

७. नैतिक बाजू

उद्यान सार्वजनिक असले तरी तेथील प्रत्येक क्षण सर्वांच्या पाहण्यासाठी नसतो. आपल्या शहरांत घरे लहान आहेत आणि तरुण जोडप्यांना, सासुरवाशिणींना, निवृत्तांना चार शब्द मोकळेपणाने बोलण्यास उद्यानाच्या बाकाखेरीज जागा नसते. जोडप्यांना बागेतून हुसकावून लावण्याचे प्रकार आपल्याला परिचित आहेत. अशा वेळी दुरून रोखलेला कॅमेरा कोणाच्या घरी कोणते वादळ उठवील, हे चित्रकर्त्यास सांगता येत नाही. चित्रफीत एकदा प्रसृत झाली की ती परत घेता येत नाही. म्हणून स्थानिक संस्थेच्या उद्यान विभागाची लेखी परवानगी पुरेशी मानू नये. ओळखू येईल अशा व्यक्तीची स्वतंत्र संमती घ्यावी आणि लहान मुलांच्या बाबतीत पालकांची.

रिकाम्या बाकाचा नियम येथे उपयोगी ठरतो. त्यात चेहरा येतच नाही. ध्वनीचेही तसेच पथ्य असावे : ध्वनिग्राहक इतक्या अंतरावर ठेवावा की स्वर पोचेल, शब्द पोचणार नाहीत. कुजबुज, हसू, काठीचा ठोका, पिशवीची सळसळ एवढेच हाती येईल. आणि लघुपटासाठी ते पुरेसे आहे. नैतिक मर्यादेतूनच येथे रचनेचे सौंदर्य सिद्ध होते.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, उद्यानावरील प्रायोगिक लघुपट हा मूलतः अवधानाचा अभ्यास आहे. नियम आधी ठरविणे, पाहण्यापूर्वी ऐकणे, यंत्राच्या स्वयंचलित सोयींपेक्षा स्वतःच्या निर्णयावर भिस्त ठेवणे आणि समोरच्या माणसाचा खासगीपणा जपणे, ही त्याची चार अंगे होत. भाषा, पर्यावरण, समाजशास्त्र व भौतिकशास्त्र या शाखांचे विद्यार्थी एकत्र येऊन असा प्रकल्प सहज करू शकतील. पक्ष्यांची नोंद, गोंगाटाची मोजणी आणि माणसांच्या वावराचे निरीक्षण ही त्याची उपफळे ठरतील. ज्या उद्यानात असा लघुपट झाला, त्याचा एक दस्तऐवजही त्यातून मागे राहील. झाडे तोडली जातात, बाक बदलले जातात, रस्ता रुंद होतो. त्या जागेचा तेव्हाचा आवाज कसा होता, हे मग अशाच एखाद्या पाच मिनिटांच्या मुद्रणातून कळू शकेल.