हस्त सरला, ऊन पडले : पिंजाऱ्याचा हंगाम

पेण शहरात भाद्रपदापर्यंत चलती असते ती गणपतीच्या मूर्तिकारांची. त्यांचे कारखाने शांत झाले आणि हस्ताचा पाऊस ओसरला, की पिंजाऱ्याच्या दारात जुन्या गाद्या येऊन पडू लागतात. रोह्याकडेही हीच तऱ्हा. दसरा ते दिवाळी हे तीनचार आठवडे म्हणजे या धंद्याची सुगी. आपले सण चंद्रावर चालतात आणि दरवर्षी दहाअकरा दिवसांनी मागे सरकतात. पिंजाऱ्याचे पंचांग मात्र सूर्याचे आहे. रमजान कोणत्याही ऋतूत येवो, त्याची खरी कमाई चित्रा नक्षत्राच्या उन्हातच होते.

हा हुन्नर आपल्या समाजाचा जुना. पिंजारी, मन्सुरी, नद्दाफ अशी त्याची नावे. मन्सुरी हे नाव समाज मन्सूर अल-हल्लाज यांच्याशी जोडतो. इ.स. ९२२ मध्ये बगदादला त्यांना देहदंड झाला. अरबीत हल्लाज म्हणजे कापूस पिंजणाराच!

आता या हंगामातील मुख्य भानगडीकडे वळू. गिऱ्हाईक गादी देते तेव्हा बारा-साडेबारा किलो भरते आणि पिंजून परत येते तेव्हा अकरा-साडेअकरा. लगेच बोलणे निघते की पिंजाऱ्याने कापूस मारला. कारागीर शपथा खातो, शेजारी हसतात, आणि पिढीजात घर तुटते. खरा चोर बहुतेक वेळा पावसाळा असतो. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि कापूस हवेतील ओल सहज पितो. कापसाच्या व्यापारात पूर्ण कोरड्या वजनावर साडेआठ टक्के ओल प्रमाण धरतात. म्हणजे ११ किलो अगदी कोरडा कापूस साधारण हवेत सुमारे ११.९ किलो भरतो. दमट घरात हीच ओल १४ टक्क्यांवर गेली, तर काटा साडेबारा दाखवतो. सहाशे ग्रॅम नुसते पाणी! त्यात पिंजताना निघणारी धूळ आणि तुटके तंतू वेगळेच.

यावर तोड साधी आहे. गादी आल्याबरोबर तोलून पावती फाडू नये. खोळ उसवून कापूस दोन दिवस कडक उन्हात वरखाली करावा, मग गिऱ्हाईकाला बोलावून त्याच्यासमोर तोलावा आणि तो आकडा लिहावा. निघालेला कचरा फेकून न देता पिशवीत दाखवावा. नवा कापूस विकतानाही तो सुका करूनच काट्यावर घालावा. कापूस रायगडात पिकत नाही, खानदेश-विदर्भाकडून येतो. इथल्या गोदामात ओल धरलेला माल तसाच विकला, तर गिऱ्हाईक कापसाच्या भावाने पाणी घेते. पैगंबर हजरत मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. तर मग ओले वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. ही हदीस ऐकताना पिंजाऱ्याला आपलाच काटा आठवावा.

वजनाचा हिशेब चोख झाला, की हुन्नर दाखवायला मोकळीक. सकाळी दव उडेपर्यंत खोळी बेतायच्या, गादीपाट कापायचा. ऊन चढले की पिंजणाला हात घालायचा. ओला कापूस तातेला चिकटतो आणि गुठळ्या सुटत नाहीत. सुका कापूस ढगासारखा फुलतो, आणि त्यात अडकलेल्या हवेमुळेच ऊब राहते. हल्ली बहुतेक ठिकाणी दातेरी रुळाचे यंत्र असते. काम झपाट्याने होते, पण जुना कापूस पुन्हापुन्हा यंत्रातून काढला तर तंतू तुटतात. नाकाला फडके बांधण्याचा मात्र अनेकांना कंटाळा! कापसाच्या धुळीने वर्षानुवर्षांत छाती धरते.

टाक्यांचे काम दुपारनंतर, सावलीत. गादीला आरपार टाके. रजईला मात्र ओळी, चौकटी, मध्ये एखादे फूल. कोपऱ्यावरचे वळण पाहून जाणता माणूस कारागीर ओळखतो. घरात बायका जुन्या लुगड्यांच्या गोधड्या घालतात, काठाकडून मध्याकडे धावदोऱ्याचे चौकोन करीत. रंग निवडायला त्यांना पुस्तक लागत नाही. या दिवसांत पेणपासून नागोठण्यापर्यंत भात पिवळे पडत असते, बांधावर हिरवे गवत उरलेले असते. पिवळ्या लुगड्याला हिरवी किनार लावावी हे डोळ्यालाच सुचते.

फोमच्या गाद्यांनी गिऱ्हाईक तोडले हे खरे. पण फोम दबला की फेकावा लागतो, कापूस पुन्हा फुलतो. हे दुकानात बोलून दाखवायला काय हरकत आहे? दिवाळीची गर्दी असेल तर रजया सरळ पुढे ढकलाव्यात. कोकणात थंडी त्यानंतरच येते. गाद्यांना मात्र ऊन आहे तोवरच हात घालावा, कारण ऐन दिवाळीतही अवकाळी सर येते आणि अंगणात पसरलेला कापूस पुन्हा पहिल्यापासून सुकवावा लागतो.