एक टपालपेटी, तीन वाटेकरी : ई-मेल ज्याचे त्याला कसे मिळेल?

समजा, भिवंडी तालुक्यातील दिघाशी येथे तिघा भावांची कापडाची पेढी आहे. सूतखरेदी, विक्री व हिशेब असे पेढीचे तीन ई-मेल पत्ते आहेत. मात्र काटकसर म्हणून तिन्ही पत्त्यांची पत्रे एकाच पेटीत पडतात आणि दुकानातील संगणक ती वाटून देतो. ही वाटणी चुकली तर एकाला सांगितलेला खाजगी भाव दुसऱ्याच्या हाती जातो, किंवा बिलाची मुदत टळते.

वाटणी चुकते का? पोस्टमन पाकिटावरचा पत्ता पाहतो, आतील मायना वाचत नाही. ई-मेललाही असे पाकीट असते. १९८२ साली ठरलेल्या एसएमटीपी नियमांनुसार पाठविणारा संगणक 'हे पत्र अमक्यासाठी' असे आधी वेगळे कळवितो. तेच पाकीट. पत्रात दिसणारी 'टू' ही ओळ म्हणजे केवळ मायना. पत्र पेटीत पडले की पाकीट बहुधा टाकून दिले जाते. पीओपी-३ पद्धतीने पत्रे उतरवून घेताना आपल्या हाती मायनाच येतो.

मायन्यावर विसंबणे धोक्याचे आहे. 'बीसीसी'ने आलेल्या पत्रात ते ज्याला पाठविले त्याचे नावच नसते. अनेक व्यापाऱ्यांना एकदम गेलेल्या परिपत्रकात 'टू'समोर भलताच पत्ता असू शकतो.

यावर उपाय आहे. पेटी पुरविणाऱ्या कंपनीला सांगावे की पाकिटावरील पत्ता प्रत्येक पत्राच्या माथ्यावर नोंदवा. या नोंदीस 'डिलिव्हर्ड-टू' किंवा 'एक्स-एन्व्हलप-टू' म्हणतात. १९९६ साली आलेल्या 'फेचमेल' या मोफत प्रोग्रॅमला ही ओळ वाचून वाटणी करावयास सांगता येते. ज्याचा धनी सापडत नाही असे पत्र फेकू नये. एका जबाबदार माणसाकडे जाऊ द्यावे. 'टू'मधील बाहेरच्या पत्त्यांवर पत्र पुन्हा पाठविले जाणार नाही, हेही पाहावे; अन्यथा तेच पत्र गिऱ्हाइकांना दोनदा जाईल.

व्यवस्था झाली की तिन्ही पत्त्यांवर एकेक 'बीसीसी' पत्र पाठवून पाहावे. ती ज्याची त्याला मिळाली तरच वाटणी बरोबर समजावी. कंपनी अशी नोंद करीत नसेल, तर तीन स्वतंत्र पेट्या घेणेच शहाणपणाचे. त्यांचा खर्च एका हुकलेल्या ऑर्डरपेक्षा कमीच पडेल.