डिझेल मोटारीतील आडजागेचा सेन्सर व तो बदलण्याची रीत

सोलापुरासारख्या मागांच्या गावी वाढलेल्या मुलांस यंत्राची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की एक लहानसा काटा ती गोष्ट जाणतो व माग तत्काळ उभा राहतो, हे आमच्या कित्येक विद्यार्थ्यांनी घरीच पाहिलेले असते. मोटारीच्या इंजिनातही अशीच जाणीव ठेवणारी लहान उपकरणे असतात. त्यांस सेन्सर म्हणतात. त्यांपैकी एकाविषयी, म्हणजे क्रँकची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरविषयी, आम्ही येथे लिहिणार आहो. तो बिघडला की चालती गाडी जागच्या जागी बंद पडते. आणि पुष्कळ गाड्यांत तो इतक्या आडजागी बसविलेला असतो की, मजुरीवरून मालक व मिस्त्री यांच्यात खटके उडतात. ज्या पालकांचा चरितार्थ भाड्याच्या गाडीवर चालतो, त्यांस हा विषय नुसता कुतूहलाचा नाही.

प्रथम या सेन्सरचे प्रयोजन काय ते पाहू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियराने १८९२ साली आपल्या कल्पनेच्या पेटंटासाठी अर्ज केला व १८९७ साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन यशस्वी रीतीने चालले. या इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरातील हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल निखाऱ्यासारखी होते, व तीत डिझेलचा फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. अर्थात फवारा कोणत्या क्षणी सुटतो यावर सर्व काही अवलंबून. जुन्या इंजिनांत हे काम दात्यांनी वा पट्ट्याने फिरणारा पंपच करी; त्यास कोणी काही सांगावे लागत नसे. पुढे १९९७ साली इटलीतील एका मोटारीत निराळी योजना प्रथम बाजारात आली. तीत पंपाने केवळ दाब निर्माण करावयाचा, सर्व सिलिंडरांचे डिझेल एका सामाईक नळीत भरून ठेवावयाचे, आणि फवारा केव्हा व किती सोडावयाचा हे संगणकाने ठरवावयाचे. हीच आजची कॉमन रेल पद्धती.

आता संगणकास क्रँक कोठे फिरून आला आहे हे कसे कळावे? इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल तर सेकंदास ५० फेरे होतात, म्हणजे क्रँक एका सेकंदात १८,००० अंश फिरतो. एक अंश चुकणे म्हणजे सेकंदाच्या अठरा हजाराव्या भागाची चूक! यासाठी क्रँकबरोबर फिरणारे एक दातेरी चाक असते. बहुधा त्यावर ६० दात्यांची जागा आखलेली असून दोन दाते मुद्दाम गाळलेले असतात, म्हणून दाते ५८ च. चाकापासून मिलिमीटरभर अंतरावर सेन्सरचे टोक असते. त्यात लोहचुंबक व तारेचे वेटोळे असते. दाता समोरून गेला की वेटोळ्यात विजेची एक लाट उठते. गाळलेल्या दात्यांची मोकळी जागा आली की लाट चुकते व संगणक तेथून पुन्हा मोजू लागतो. काही गाड्यांत वेटोळ्याऐवजी हॉल याच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार असतो; कार्य तेच, तारा मात्र तीन.

आपल्या प्रांतात या पद्धतीचा प्रसार कसा झाला याचे उत्तम उदाहरण म्हणजे फियाट कंपनीचे १२४८ घनसेंटीमीटरचे इंजिन. (फियाटचे नाव सोलापूरकरांस परके नाही. याच गावी १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीने पुढे फियाटच्या मोटारी मुंबईत बांधल्या.) हे इंजिन युरोपात २००३ साली आले, आपल्या देशात २००७ साली स्विफ्टमध्ये व २००८ साली टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्ये बसले, पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथेही ते तयार होत असे. १ एप्रिल २०२० पासून धुराविषयीचे कडक नियम लागू झाले व तेव्हापासून मारुतीने डिझेल मोटारी काढणे बंद केले. म्हणजे या गाड्या आता जुन्या होत चालल्या आहेत, आणि उष्णतेने तारांची वेष्टणे कडक होऊन तडकण्याचे वय त्यांस आले आहे.

आमच्या परिचयाच्या एका पालकांची डिझेल गाडी सोलापूर-तुळजापूर रस्त्यावर भाड्याने चाले. वैशाखाच्या उन्हात तासभर धावली की ती एकाएकी बंद पडे, आणि सावलीत अर्धा तास उभी केली की काही न घडल्यासारखी सुरू होई. एके ठिकाणी त्यांस दाबाचा पंप बदलावा लागेल, असे सांगण्यात आले. तो खर्च त्यांच्या कित्येक महिन्यांच्या कमाईएवढा होता. शुक्रवार पेठेतील एका वृद्ध मिस्त्रींनी मात्र प्रथम पाना हाती घेतलाच नाही. गाडी तापून बंद पडलेली असतानाच त्यांनी तपासणीचे यंत्र जोडले व सेल्फ मारावयास सांगितले. इंजिन फिरत होते, पण यंत्रावर फेऱ्यांचा आकडा शून्य! म्हणजे क्रँकची वार्ता संगणकापर्यंत पोहोचत नव्हती, व संगणक फवारा सोडीत नव्हता.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे व तो आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. संगणक अशा वेळी पी ०३३५ असा संकेतांक दाखवितो. त्याचा अर्थ सेन्सर बिघडला असा नव्हे. सेन्सरच्या विद्युन्मार्गात कोठे तरी दोष आहे, एवढाच. तार तुटलेली असेल, कपलरात तेल वा गंज असेल, चुंबकाच्या टोकास लोखंडाचा कीस चिकटला असेल. मिस्त्रींनी आधी तारा व कपलर तपासले, मग मल्टिमीटरने वेटोळ्याचा रोध मोजला. अशा वेटोळ्याचा रोध साधारणतः ५०० ते १५०० ओहम असतो. येथे थंड असताना तो योग्य भरे, तापल्यावर मीटर काहीच दाखवीना. आतील तार उष्णतेने प्रसरण पावून विलग होत होती. (तीन तारांच्या प्रकारास ही कसोटी लावू नये, त्याची परीक्षा निराळी.)

सेन्सर बदलणे म्हणजे एक बोल्ट काढणे व एक बसविणे. पण तो बोल्ट कोठे? कित्येक गाड्यांत तो सेल्फच्या मागे, गिअरपेटीजवळ असतो. कित्येकांत पुढील चाक व त्यामागील पत्रा काढल्यावाचून दिसतही नाही. या गाडीत वरून हात जाईना, म्हणून काम खालून करावे लागले. इंजिन पूर्ण निवू दिले. बॅटरीची ऋण तार काढली. कारण सेल्फची जाड तार थेट बॅटरीस जोडलेली असते व तिला पाना लागला तर ठिणग्या उडतात. गाडी उचलल्यावर ती जॅकवर न ठेवता घोड्यांवर टेकविली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरसुद्धा, शिरू नये. तसेच डिझेलच्या नळ्यांस हात लावू नये. चालू इंजिनात तेथील दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक असू शकतो व ती धार कातडीत शिरते.

मग लांब दांड्याला वळती कडी व गोटी लावून, लहान आरशात पाहत त्यांनी बोल्ट सैल केला. सेन्सर गंजाने भोकात घट्ट बसला होता. तो उचकटला असता तर टोक मोडून आतच राहिले असते. म्हणून थोडे तेल सोडून, थांबून, तो डावी-उजवीकडे हळूहळू फिरवीत बाहेर घेतला. यातच पाऊण तास गेला! नव्या सेन्सरच्या रबरी कड्यास इंजिनाचे स्वच्छ तेल लावले, भोक पुसले, तार जुन्याच वाटेने व धुराच्या नळीपासून दूर नेली. बोल्ट लहान असल्याने बेताचाच आवळावयाचा; ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे, अधिक जोर केल्यास ॲल्युमिनियमातील आटे जातात.

मजुरी सेन्सरच्या किमतीहून अधिक झाली, व मालकांनी ती कुरकुर न करता दिली. आमच्या मते ती रास्तच होती. सेन्सर दुकानात कोणासही मिळतो. तोच बदलावयाचा हे ठरविणे आणि तेथवर हात पोहोचविणे, हे मोल निराळे. आमच्या शाळेतील जी मुले हातास तेल लागण्याचे काम हलके समजतात, त्यांनी त्या दिवशी तेथे उभे राहावयास हवे होते.

शेवटी बॅटरी जोडून संकेतांक पुसला, सेल्फ मारताना यंत्रावर फेऱ्यांचा आकडा उमटतो हे पाहिले, आणि गाडी पूर्ण तापेपर्यंत रस्त्यावर फिरवून पुन्हा तपासली. काढलेला जुना सेन्सर मालकांनी मागून घ्यावा. त्यावरील क्रमांक पुढील वेळी दुकानदारास दाखविता येतो.