प्रतीक आणि मूर्ती : मराठी ख्रिस्ती उपासनेतील एक जुना प्रश्न

वसईच्या रस्त्यांवर ठिकठिकाणी उभे असलेले क्रूस आणि अहमदनगरकडील अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतील साध्या भिंतींची उपासनामंदिरे ही दोन्ही मराठी ख्रिस्ती जीवनाचीच रूपे होत. एकीकडे संतांच्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावली जाते. दुसरीकडे तीच कृती मूर्तिपूजेच्या सीमेवरची मानली जाते. आधार मात्र दोहोंचा एकच आहे, तो म्हणजे मोशेच्या दहा आज्ञा.

मतभेद आज्ञांच्या गणनेपासूनच आरंभ होतो. कोरीव मूर्तीचा निषेध कॅथलिक व लूथरपंथी पहिल्या आज्ञेतच अंतर्भूत करतात आणि लोभाविषयीच्या आज्ञेचे दोन भाग करून दहा ही संख्या पुरी करतात. सुधारित पंथ हा निषेध स्वतंत्र दुसरी आज्ञा म्हणून मोजतात. साहजिकच त्यांच्या शिकवणीत त्यास अधिक वजन येते.

बायबलातील पितळी सर्पाची कथा या वादावर विशेष प्रकाश टाकते. तो सर्प मोशेने देवाच्याच आज्ञेने घडविला. पुढे लोक त्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. वस्तू तीच राहिली. तिच्याविषयीचा भाव पालटला. हाच भेद इ. स. 787 च्या निकियाच्या परिषदेने शब्दांत मांडला : आराधना केवळ देवाची, प्रतिमेला वंदन, आणि ते वंदन प्रतिमेतून मूळ व्यक्तीस पोहोचते. 1524 मध्ये झुरिकच्या सुधारकांनी हा भेद अमान्य करून चर्चमधील प्रतिमा काढविल्या. 1563 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने प्रतिमांत कोणतेही दैवी सामर्थ्य मानू नये असे बजावून वंदनाची प्रथा कायम ठेवली.

गोमंतकात या प्रश्नाला अधिक धार होती. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली तेथील देवळे पाडली गेली आणि त्याच भूमीवर चर्चमध्ये संतांच्या प्रतिमा उभ्या राहिल्या. एक मूर्ती त्याज्य आणि दुसरी वंद्य का, हे नवदीक्षितांस समजावणे सोपे नव्हते. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स यांनी 1616 च्या ‘ख्रिस्तपुराणा’त ओवी आणि ‘वैकुंठ’ यांसारखे शब्द निःसंकोच स्वीकारले. प्रतिमेच्या बाबतीत जी सावधगिरी लागते, ती शब्दाच्या बाबतीत त्यांना आवश्यक वाटली नाही. शब्दही प्रतीकच असतो, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी.

पूर्व विदर्भाचाही या इतिहासाशी संबंध आहे. बिरसी ज्या गोंदिया जिल्ह्यात आहे, त्या प्रदेशातून नागपूर-राजनांदगाव लोहमार्ग जातो. 1893 मध्ये राजनांदगावकडे निघालेल्या ना. वा. टिळकांना आगगाडीतील एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मूर्ती नसलेल्या पंथात राहून त्यांनी अभंग आणि कीर्तन यांतून ख्रिस्ताची भावमूर्ती उभी केली.

हिंदू विचारातही मृण्मय गणपती विसर्जनानंतर मातीच ठरतो. म्हणून “ते दगड पूजतात, आम्ही नाही” असा सोपा भेद टिकत नाही. फरक प्राणप्रतिष्ठेच्या कल्पनेत आहे : ख्रिस्ती प्रतिमेस आशीर्वाद दिला जातो, परंतु तीत देव येऊन राहतो असे मानले जात नाही. तथापि वांद्र्याच्या मोत माउलीला मेणाचे हात, पाय किंवा घर अर्पण करणाऱ्याच्या मनात हा भेद किती स्पष्ट असतो, हे धर्मशास्त्राच्या ग्रंथावरून ठरविता येत नाही. 1969 मध्ये रोमने भारतीय कॅथलिक उपासनेत आरती, अंजली आणि तेलाचे दिवे यांस संमती दिली, तेव्हाही काहींना हीच शंका आली.

प्रश्नाची खरी कसोटी वस्तूच्या आकारात सापडत नाही. प्रार्थना कोणास उद्देशून आहे, वस्तूत स्वतःचे सामर्थ्य मानले जाते काय, आणि ती वस्तू नाहीशी झाली तर श्रद्धा उरते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे उपासकानेच द्यावयाची असतात. पितळी सर्प घडविणे आणि तो फोडणे, या दोन्ही कृती एकाच धर्मग्रंथाने योग्य मानल्या आहेत.