इंजिन लंगडू लागले तर

गावच्या तळ्यातला गाळ काढायचे काम चालले आहे. खोदाईचे मोठे यंत्र आले आहे. आपल्याकडे त्याला पोकलेन म्हणतात. सकाळी ते छान धडधडत होते. दुपारी त्याचा आवाज बदलला. धड धड धड, आणि मध्येच एक ठोका गाळला. यंत्र थरथरू लागले. भरलेली बादली उचलताना त्याला धाप लागली.

बघणारे म्हणाले, "मिसिंग मारतंय!" मग ज्याला जे सुचेल ते तो सांगू लागला. कुणी म्हणे पंप बदला. कुणी म्हणे इंजिनच खोला. यंत्र भाड्याचे. तासाला पैसे मोजायचे. अशा वेळी घाई होते. घाईत पैसा जातो, कधी हातही जातो. म्हणून हे दुखणे कसे ओळखायचे, ते आपण आज समजून घेऊ.

डिझेल पेटते कसे?

रुडॉल्फ डिझेल नावाचा एक जर्मन इंजिनियर होता. १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात त्याचे इंजिन यशस्वी झाले. त्याचेच नाव इंजिनाला आणि तेलाला पडले.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडावी लागते. डिझेलला ठिणगी लागत नाही. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम लागतो की नाही? दाबली की हवा तापते. इंजिनाच्या नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये, दट्ट्या वर येतो आणि हवा १६ ते १८ पट दाबतो. ही हवा ५०० अंशांहून जास्त तापते. तेवढ्यात नोझलमधून डिझेलचा बारीक फवारा उडतो. तो आपोआप पेटतो आणि दट्ट्याला खाली ढकलतो. हाच एक ठोका.

म्हणजे तीन गोष्टी हव्यात. भरपूर हवा, पक्का दाब आणि वेळेवर बारीक फवारा. तिन्हींतली एक चुकली की ठोका चुकला.

चार बैलांचा नांगर आठवा. एक बैल अंग चोरू लागला, तर नांगर अडतो. जाणता शेतकरी सगळ्या बैलांना झोडपत नाही. कोणता बैल ढिला आहे, ते तो आधी बघतो. इंजिनाचेही तसेच आहे.

आधी कान, मग डोळे

पहिल्यांदा ऐका. ठोका एकाच तालात चुकतो का? तसे असेल तर बहुधा एकच सिलिंडर आजारी आहे. इंजिन कसेही वरखाली होते, मध्येच बंद पडू पाहते? तर सगळ्यांनाच तेल नीट पोचत नाही.

मग धूर बघा. काळा धूर म्हणजे तेल जास्त आणि हवा कमी. हवेचा फिल्टर धुळीने भरला असेल, नाहीतर नोझल गळत असेल. निळा धूर म्हणजे वंगणाचे ऑइल जळते आहे. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडते आहे. थंडीत सुरुवातीला थोडा पांढरा धूर येतो, त्याचे भय नको. पण इंजिन तापल्यावरही तो थांबेना आणि रेडिएटरचे पाणी कमी होऊ लागले, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत असेल. मग यंत्र लगेच बंद करा.

स्वस्त उपाय आधी

खोलाखोली करण्याआधी साध्या गोष्टी बघाव्यात. टाकीत डिझेल आहे का? त्यात पाणी आहे का? फिल्टरच्या खालचा स्क्रू सोडला की साचलेले पाणी निघते. डिझेलचा फिल्टर चोंदला असेल तर बदलावा. नळीत हवा शिरली असेल तर ती काढावी. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारायचा. बुडबुडे संपून नुसते डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळायचा. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

आजारी सिलिंडर कोणता?

जुन्या पद्धतीच्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री एक युक्ती करतो. इंजिन हळू चालू ठेवतो आणि एकेका नोझलच्या नळीचा नट थोडा ढिला करतो. त्या सिलिंडरचे तेल तुटते. आवाज बदलला, इंजिन पडले, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर समजा, चोर सापडला!

मग त्याचे नोझल दुसऱ्या सिलिंडरला लावून बघतात. दुखणे नोझलबरोबर तिकडे गेले, तर नोझल खराब. जागीच राहिले, तर व्हॉल्व्ह किंवा रिंगा बघाव्या लागतात. त्यासाठी सिलिंडरचा दाब घड्याळ लावून मोजतात. दाब कमी भरला, तरच इंजिन खोलायचे.

हे मात्र करू नका

नव्या यंत्रांत कॉमन रेल नावाची रचना असते. तिच्यात तेलाचा दाब मोटारीच्या चाकातल्या हवेपेक्षा शेकडो पट असतो. तिथे चालू इंजिनाचा नट कधीही सोडू नये. ती धार कातडी फोडून आत शिरते. गळती हाताने चाचपू नये. जखम सुईच्या टोचणीएवढी दिसते, पण आत डिझेल पसरते आणि बोट, प्रसंगी हात कापावा लागतो. दुखत नसले तरी त्याच क्षणी मोठ्या दवाखान्यात जावे आणि आत डिझेल गेले आहे, हे डॉक्टरांना सांगावे. अशा यंत्राची तपासणी जाणकाराने यंत्र लावूनच करावी.

कोणत्याही यंत्राला हात लावण्याआधी बादली जमिनीवर टेकवा आणि ब्रेक लावा. इंजिन चालू ठेवण्याची गरज नसेल तर ते बंद करून किल्ली खिशात घाला.

आणि एक सवय ठेवा. संध्याकाळी काम संपले की डिझेलची टाकी भरून ठेवा. रिकाम्या टाकीतल्या हवेचे रात्री दव होते आणि ते पाणी डिझेलात उतरते. शेतातल्या डिझेल इंजिनालाही हेच लागू आहे.

आधी ऐका, मग बघा, मग साधे उपाय करा आणि सर्वांत शेवटी खोला. हा क्रम पाळला, तर दुखणे नेमके सापडते. पैसा वाचतो आणि हातही शाबूत राहतात.