कूलंटचा दिवा खोटं बोलतोय का?

आजचा विषय जुनी गाडी वापरणाऱ्यांच्या चांगलाच ओळखीचा आहे. टाकीत कूलंट दिसतंय, गाडी तापत नाहीये, तरी डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकतोय. गॅरेजमध्ये विचारलं की बऱ्याचदा उत्तर मिळतं, "सेन्सर गेलाय साहेब, चालवा बिनधास्त." सेन्सर खरंच गेलेला असू शकतो. पण ते तपासून ठरवायचं, अंदाजाने नाही. कसं तपासायचं, ते आज बघू.

आधी आपला दिवा कोणता आहे ते ओळखा. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये निळा आणि लाल असा दिवा असतो. तो तापमानाचा. निळा म्हणजे इंजिन अजून थंड आहे, लाल म्हणजे तापलंय. त्याचा टाकीतल्या पातळीशी थेट संबंध नाही. आज आपण बोलतोय ते पातळीच्या दिव्याबद्दल. उदाहरणाला फोक्सवॅगन पोलो, व्हेंटो किंवा स्कोडाची जुनी ऑक्टाव्हिया, लॉरा घेऊ. या गाड्यांत गोम अशी की कूलंट कमी झालं तरी आणि इंजिन तापलं तरी, लुकलुकतो तोच लाल दिवा. म्हणून चालत्या गाडीत तो लागला, तर आधी गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. तापमानाचा काटा असेल तर तो बघा. नसेल तर गाडी तापली आहे असंच धरून चाला.

आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा: गरम इंजिनवर टाकीचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो, पाणी क्षणात उकळतं आणि थेट तोंडावर, हातावर उसळतं. त्यामुळे पुढची सगळी तपासणी सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर करायची.

आता हा सेन्सर काम कसं करतो? या गाड्यांच्या टाकीत आतल्या बाजूला धातूच्या दोन छोट्या पिना असतात. कूलंट पुरेसं असेल तर त्या बुडालेल्या राहतात आणि कूलंटमधून एका पिनेकडून दुसरीकडे थोडीशी वीज जाते. पातळी खाली गेली की हा मार्ग तुटतो आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा आपल्याला एवढंच सांगतो की "दोन पिनांमध्ये वीज जात नाहीये." कूलंट कमी असणं हे त्याचं एक कारण झालं. पिनांवर क्षार किंवा गाळ चढला, कनेक्टरमध्ये गंज आला, वायर तुटली, तरी दिवा तेच सांगणार. आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. टाकीत नुसतंच डिस्टिल्ड वॉटर भरलं असेल, तर शुद्ध पाण्यातून वीज फार कमी जाते, त्यामुळे टाकी भरलेली असूनही दिवा लागू शकतो.

आता क्रमाने तपासू.

पहिलं, पातळी. गाडी सपाट जागेवर हवी, इंजिन गार हवं. कूलंट टाकीवरच्या मिन आणि मॅक्स या खुणांच्या मध्ये असलं पाहिजे. जुन्या टाक्या पिवळट होतात आणि आत डागाची एक रेघ बसते. ती रेघच आपल्याला पातळी वाटते! मागून टॉर्च धरा आणि गाडी हलकेच हलवा. जी रेघ हलेल, ती खरी पातळी.

दुसरं, पातळी टिकते का. टाकीवर मार्करने खूण करा आणि आठवडाभर रोज सकाळी बघा. पातळी उतरत असेल तर दिवा खरं बोलतोय, गळती शोधा. पाइपांच्या जोडांवर, वॉटर पंपाजवळ, रेडिएटरवर पांढरट किंवा गुलाबी पापुद्रा दिसतो का? पुढच्या सीटसमोरचं मॅट ओलं आहे का? बाहेर कुठेच गळती नाही, पण सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतोय किंवा ऑइल दुधाळ झालंय, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. अशी गाडी चालवू नका, टो करून न्या.

तिसरं, कनेक्टर. पातळी आठवडाभर जागची हलली नाही, तरच इथे या. इग्निशन बंद करून टाकीचा दोन पिनांचा कनेक्टर काढा. हिरवट गंज असेल तर काँटॅक्ट क्लीनरने साफ करा, सुकू द्या आणि घट्ट बसवा.

चौथं, खरी परीक्षा. कनेक्टर पुन्हा काढा, वायरकडच्या दोन टोकांना छोट्या वायरने जोडा आणि इग्निशन चालू करा. दिवा गेला, तर वायरिंग आणि मीटर ठीक आहेत, दोष टाकीतल्या पिनांचा किंवा आतल्या पाण्याचा. दिवा तसाच राहिला, तर वायर तुटली आहे किंवा बिघाड मीटरकडे आहे. काही दुसऱ्या गाड्यांमध्ये तरंगता फ्लोट असतो आणि हिशेब उलटा होतो. म्हणून आपल्या गाडीचं मॅन्युअल बघूनच ही परीक्षा करा.

दोष टाकीत निघाला, तर टाकी काढून धुऊन बघा आणि मॅन्युअलमध्ये सांगितलेलं कूलंट योग्य प्रमाणात भरा. त्यानेही दिवा गेला नाही, तर टाकी बदला, कारण या गाड्यांत पिना टाकीतच पक्क्या बसवलेल्या असतात.

परीक्षेसाठी जोडलेली ती छोटी वायर मात्र तशीच ठेवू नका. दिवा गप्प होतो, म्हणून काही जण ती कायमची ठेवतात. पण तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच नीट मोजतो. पाइप फुटून कूलंट वाहून गेलं की तो हवेत उघडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाही काटा शांत दिसू शकतो. अशा वेळी सावध करणारा पातळीचा दिवाच असतो. तो बंद केलेला असेल, तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकल्यावरच कळतं, आणि त्या कामापुढे नव्या टाकीचा खर्च काहीच नाही.

तेव्हा आज रात्री गाडी सपाट जागी लावा आणि उद्या सकाळी टाकीवर खूण करा. आठवड्याने गॅरेजमध्ये जाल तेव्हा "दिवा लागतोय" एवढंच सांगू नका, पातळी उतरली की नाही तेही सांगा. मेकॅनिकचं अर्धं काम तिथेच होईल. भेटू पुढच्या भागात.